संकटकाळचें सामान : अंगावर, झोळींत व घरीं

वैशाखाच्या उन्हांत घराबाहेर पडणाऱ्या माणसानें खिशांत किंवा पागोट्यांत एक कांदा ठेवावयाचा, ही चाल नागपूर-वऱ्हाडकडे अद्याप पुष्कळ घरांत आढळते. खिशांतला कांदा ऊन शोषून घेतो या समजुतीस वैद्यकशास्त्राचा आधार नाहीं. उष्माघात टळतो तो पाण्यानें, मिठानें, सावलीनें व वेळींच घेतलेल्या विश्रांतीनें. परंतु या चालीच्या मुळाशीं जो विचार आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. संकट वाटेंत गांठील तेव्हां घर जवळ असेलच असें नाहीं. यास्तव त्यावरील उपाय माणसाच्या अंगावरच असला पाहिजे, हें आमच्या वाडवडिलांनीं पुरतें ओळखलें होतें.

आज शेतकऱ्याच्या घरीं सामानाची वाण आहे असें म्हणतां येणार नाहीं. बॅटरी आहे, दोर आहे, औषधांचा डबा आहे. पण प्रसंग येतो तेव्हां बॅटरी माजघरांतल्या खुंटीला, दोर गोठ्यांत, औषधांचा डबा कपाटांत, आणि माणूस कोसभर दूर शेतांत, अशी स्थिति असते. म्हणून काय काय घ्यावें याची नुसती यादी देण्यापेक्षां कोणती वस्तु कोठें असावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वस्तूची जागा वेळेवरून ठरते. जें संकट मिनिटाच्या हिशेबानें येतें, त्याचा उपाय अंगावर हवा. जें घटकाभर सांवरून धरतां येतें, त्याचा उपाय शेतांत, म्हणजे बंडींत, मोटारसायकलच्या झोळींत किंवा विहिरीवरच्या खोपडींत असला तरी चालेल. आणि ज्या संकटांत एकदोन दिवस काढावयाचे असतात, त्याची तरतूद घरीं करावी. असे हे तीन थर आहेत. प्रत्येक थर स्वतःपुरता पुरा असावा. पहिला थर दुसऱ्यावर विसंबून राहिला कीं दोन्ही निकामी होतात.

ही कल्पना कांहीं नवी नव्हे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवर, बर्फांत गोठून राहिलेलें एका पुरुषाचें शव सांपडलें. तो पांच हजार वर्षांहूनही पूर्वीचा मनुष्य निघाला. त्याच्या कमरेच्या चामडी पिशवींत गारगोटीचीं बारीक हत्यारें, हाडाची एक टोचणी व ठिणगी धरणारी वाळलेली बुरशी होती. त्याच्यापाशीं तांब्याची कुऱ्हाड होती, पाठीवर सामान वाहण्याची लांकडी चौकट होती, आणि झाडाच्या सालीच्या एका डब्यांत पानांमध्यें गुंडाळलेला कोळसा होता. तो डबा निखारे नेण्यासाठीं असावा असें संशोधक मानतात. आमच्या जुन्या शेतकऱ्याच्या चंचींतही पान-तंबाखूच्या शेजारीं चकमक, गारगोटी व कापूस असे. कमरेला विळा, खांद्यावर घोंगडी व हातांत काठी, एवढ्यावर तो रात्रभर जागलीला जाई. पुढें काडेपेटी आली, मग बॅटरी आली, शेवटीं मोबाईल आला. आणि "मोबाईल जवळ आहे म्हणजे सगळें जवळ आहे" अशा समजुतीनें कमर रिकामी झाली. मोबाईल हें उत्तम साधन आहे खरें. पण तो पाण्यांत पडतो, त्याची बॅटरी उतरते, आणि ओढ्याच्या पोटांत त्याला रेंज मिळत नाहीं.

पहिला थर : अंगावर

या थरांत फार थोड्या वस्तु असाव्यात. त्या जड झाल्या कीं चार दिवसांनीं माणूस त्या घरीं ठेवूं लागतो, आणि नेमक्या त्या दिवशीं गरज पडते. आमच्या मतें पुढील वस्तु पुरेशा आहेत.

एक शिट्टी. उभ्या तुरींत अथवा संत्र्याच्या बागेंत पडलेला माणूस दहा हातांवरून दिसत नाहीं. विहिरींत पडलेल्याचा आवाज थोड्याच वेळांत बसतो. शिट्टीला दम थोडा लागतो आणि आवाज दूरवर जातो. तीन वेळां शिट्टी म्हणजे मदतीची हांक, असा संकेत घरांत व गड्यामाणसांत ठरवून टाकावा. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला या जंगलांना लागून ज्यांचीं शेतें आहेत, त्यांस तर ती रोज उपयोगी पडेल. तेथें एकट्यानें वांकून काम करीत बसूं नये. दोघांनीं एकमेकांस आवाज देत राहावें.

एक लहान बॅटरी. अनेक गांवीं कृषिपंपांस वीज रात्रीच्या पाळींत मिळते, आणि पाणी ओलण्यासाठीं शेतकऱ्यास अंधारांत बांधावरून फिरावें लागतें. मोबाईलच्या उजेडावर हें काम करूं नये. त्यांत हात अडकून राहतो, आणि बोलावणें पाठविण्यासाठीं राखून ठेवावयाची वीज पाऊल पाहण्यांत खर्च होते. डोक्याला बांधावयाची बॅटरी असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्याबरोबर काठी व पायांत घोट्याच्या वर येणारे बूट असावेत. काठी जमिनीवर आपटीत चालल्यास पुष्कळसे साप आपण होऊन वाट सोडतात.

एक घडीचा चाकू, खांद्यावर सुती दुपट्टा, आणि जलसंजीवनीची, म्हणजे क्षारसाखरेची, एक पुडी. दुपट्ट्याइतकी बहुगुणी वस्तु दुसरी नाहीं. तो उन्हांत डोक्यास, जखमेवर दाबण्यास, मोडलेला हात गळ्यांत अडकविण्यास, आणि भिजवून तापलेल्या अंगावर घालण्यास उपयोगी पडतो. नागपुरांत २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हें ज्यांस आठवत असेल त्यांस पुडीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चमचा चहाचा घ्यावा. परंतु माणूस बरळूं लागला व अंग भाजल्यासारखें तापलें, तर तो उष्माघात होय. तेथें पुडीवर विसंबून न राहतां त्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा व रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

शेवटची वस्तु म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली एक चिठ्ठी. तिच्यावर नांव, गांव, रक्तगट, मधुमेह-रक्तदाबासारखा जुना आजार, न सोसणारें औषध, आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक लिहावेत. मोबाईल बंद असला किंवा दुसऱ्यास उघडतां आला नाहीं, तरी चिठ्ठी वाचतां येते. त्याच चिठ्ठीच्या पाठीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा व ११२ हा सर्व संकटांचा क्रमांक ठळक लिहावा.

विजेच्या बाबतींत मात्र अंगावर कांहीं बाळगून भागत नाहीं. तेथें बाळगावयाचें तें ज्ञान होय. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजावे. तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर, असा हिशेब आहे. तीस मोजण्याच्या आंत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून काम टाकावें व पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा आश्रय घ्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. एकट्या उभ्या झाडाखालीं कधींही थांबूं नये, आणि खांद्यावर उभें धरलेलें पावडें खालीं टाकावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें "दामिनी" हें ॲप मोबाईलमध्यें असल्यास आसपास वीज पडण्याची शक्यता आगाऊ कळते. मृगाआधीं तें घेऊन ठेवावें.

दुसरा थर : शेतांतली झोळी

जाड कापडाची एक झोळी करून ती बंडीला, ट्रॅक्टरला किंवा खोपडीच्या खांबाला कायमची बांधावी. "आज नेऊं कीं नको" हा प्रश्नच उरूं नये. हिच्यांत पांच लिटर पाण्याचा डबा, साबण, एक धुतलेला कपड्यांचा जोड, चार बोटें रुंदीच्या स्वच्छ कापडाच्या लांब पट्ट्या, हातभर लांबीच्या दोन बांबूच्या कामट्या, जलसंजीवनीच्या चार पुड्या, काडेपेटी, प्लास्टिकचा एक मोठा तुकडा व मोबाईल भारण्याची पॉवर बँक असावी. ज्या शेतांत विहीर आहे तेथें विहिरीच्या खोलीपेक्षां चार हात अधिक लांबीचा मजबूत दोर व फुगवलेली एक जुनी ट्यूब काठावरच टांगलेली असावी.

यांतील पाणी, साबण व कपडे यांचें कारण सांगितलें पाहिजे. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना शेंकडों माणसांस विषबाधा झाली व वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. उंच वाढलेल्या कपाशींत फवारा तोंडावर येतो. घामानें भिजलेल्या अंगांतून विष आंत शिरतें. आणि तेच कपडे दिवसभर अंगावर राहतात. तोंडाला बांधलेला फडका विष अडवीत नाहीं. उलट तो भिजला म्हणजे विष नाकाशीं धरून ठेवतो. म्हणून फवारणीच्या दिवशीं झोळींत रबरी हातमोजे, चष्मा व योग्य मुखपट्टी यांची भर घालावी. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढें अंधुकपणा किंवा तोंडाला लाळ सुटणें यांपैकीं कांहींही जाणवलें कीं पंप खालीं ठेवून कपडे काढावे, साबणानें अंग धुवावें व दवाखाना गांठावा. जातांना औषधाच्या डब्यावरील कागद, अथवा डबाच, पिशवींत घालून न विसरतां न्यावा. कोणतें विष अंगांत गेलें हें कळल्यावांचून वैद्यानें उतारा कोणता द्यावा? कांहीं विषांवर उतारा आहे व कांहींवर नाहीं. दोनतीन औषधें एकत्र कालविलीं असतील तर त्याचें काम आणखी कठीण होतें.

विहिरीविषयीं एक इशारा येथेंच देतों. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरींत उतरण्याआधीं पेटता कंदील खालीं सोडून पाहावयाची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरूं नये हें खरें. पण तो जळत राहिला म्हणून हवा निर्धोक आहे असें समजूं नये, कारण प्रत्येक विषारी वायूनें ज्योत विझत नाहीं. आंत गेलेला माणूस कोसळला कीं त्यास काढण्यासाठीं दुसरा व दुसऱ्यासाठीं तिसरा उतरतो, आणि एका घरचीं तिन्ही माणसें जातात. उतरणाऱ्याच्या काखेंतून घेतलेला दोर काठावरच्या दोघांच्या हातीं असल्याखेरीज कोणीही विहिरींत पाय घालूं नये. तसेंच स्टार्टरच्या पेटीशेजारीं एक वाळलेला बांबू कायम उभा असावा. विजेला चिकटलेल्या माणसास हात न लावतां आधीं मुख्य बटण बंद करावें. तें शक्य नसल्यास कोरड्या जागीं उभें राहून बांबूनें तार दूर सारावी.

तिसरा थर : घरीं

नरखेड तालुक्यांतील मोवाड हें वर्धा नदीकांठचें गांव ३० जुलै १९९१ रोजीं पुरानें उद्ध्वस्त झालें व दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पूर नदीकांठच्या खेड्यांतच येतो अशी कोणाची समजूत असेल तर ती २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूर शहरांतच खोटी ठरली. कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, नाग नदीनें पात्र सोडलें, आणि झोंपेंतल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलें. अशा वेळीं सामान जमविण्यास सवड नसते. जें बांधलेलें तयार असेल तेवढेंच बरोबर येतें.

घरांतल्या उंच खुंटीवर एक जलाभेद्य पिशवी असावी. तींत सातबारा व आठ-अ यांचे उतारे, खरेदीखत, पीकविम्याची पावती, बँकेचें पुस्तक व आधारपत्र यांच्या नकला, थोड्या लहान नोटा, नेहमींच्या औषधांचा आठवड्याचा सांठा, एक बॅटरी व काडेपेटी ठेवावी. दुसऱ्या डब्यांत फुटाणे, मुरमुरे, गूळ व सातूचें पीठ असें न शिजवतां खातां येईल तें तीन दिवसांचें अन्न, आणि झांकणाच्या भांड्यांत पिण्याचें पाणी असावें.

परंतु शेतकऱ्याच्या घरांत माणसांखेरीज आणखी जीव आहेत, त्यांची व्यवस्था कोणत्याही शहरी यादींत सांपडत नाहीं. गोठ्यांतलीं दावीं ओढतांच सुटतील अशा सरकगांठीनें बांधावीं, आणि गोठ्याच्या दारांत आंतल्या बाजूस एक धारेचा विळा खोंचलेला असावा. आग लागल्यावर किंवा पाणी चढूं लागल्यावर भिजून आवळलेल्या गांठी बोटांनीं सुटत नाहींत. विळ्यानें चार दावीं क्षणांत कापलीं जातात.

तिन्ही थरांचें एकत्र काम

आतां एका प्रसंगावरून हे थर जुळवून पाहूं. आश्विनांत रात्रीं ओलीत करावयास गेलेल्या माणसाच्या पायास सर्पदंश झाला असें समजा. अंगावरच्या बॅटरीनें जागा दिसते व शिट्टीनें शेजारचा माणूस धांवून येतो. सापाच्या मागें लागावयाचें नाहीं, जखमेवर काप घ्यावयाचा नाहीं, तोंडानें विष ओढावयाचें नाहीं, आणि दोरीनें पाय करकचून आवळावयाचा नाहीं. त्या आवळण्यानें पाय सडण्याचें भय असतें. पायांतला बूट व बोटांतलीं जोडवीं-अंगठ्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या. झोळींतल्या कामट्या व पट्ट्या घेऊन पाय हलणार नाहीं असा, पण सैल, बांधावा. दंशाची वेळ चिठ्ठीवर लिहावी. माणसास चालवूं नये. बंडींत किंवा गाडींत निजवून न्यावें. तोंवर घरीं फोन गेलेला असतो, आणि प्रतिविष कोणत्या ग्रामीण रुग्णालयांत मिळतें हें घरच्या भिंतीवर आधींच लिहिलेलें असल्यामुळें दारोदार हिंडण्यांत वेळ जात नाहीं. आपल्याकडे मिळणारें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषावर चालतें, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाहीं. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला तास मात्र कोणत्याही औषधानें परत येत नाहीं. मण्यार निजलेल्या माणसास चावते व पुष्कळदां दुखतही नाहीं. सबब जागलीस जमिनीवर न निजतां खाट व मच्छरदाणी वापरावी.

हें सर्व वाचून कांहीं वाचक म्हणतील, एवढें ओझें रोज कोण वागवील? पहिल्या थराचें सारें ओझें पाण्यानें भरलेल्या तांब्याइतकेंही होत नाहीं, आणि चंची-अडकित्ता बाळगतांना तें कोणास जाणवलें नव्हतें. दुसरे म्हणतील, खर्चाचें काय? शिट्टी, चिठ्ठी, कामट्या, पट्ट्या व सरकगांठ यांस जवळजवळ कांहींच पडत नाहीं.

आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळ्या गोष्टीची. या नियतकालिकाचे वाचक बहुतेक जमिनीचे धनी आहेत. शिट्टी, बॅटरी व बूट त्यांच्या अंगावर येतील; पण रात्रीं बारे बहुधा सालदार धरतो, फवारणीचा पंप रोजंदारीच्या मजुराच्या पाठीवर असतो, आणि निंदणाच्या बायका अनवाणी असतात. मालकाच्या खिशांतली बॅटरी गड्याच्या पायाखालचा साप दाखवीत नाहीं. पहिला थर अंगावर असावा याचा अर्थ तो काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर असावा असाच होतो. सालदाराशीं सालाचा ठराव होतो तेव्हां धान्य व रोकड यांबरोबर बूट, बॅटरी व शिट्टी या तीन वस्तु ठरावांत घालण्याचा पायंडा पडला पाहिजे. फवारणीसाठीं मोजे व मुखपट्टी दिल्यावांचून पंप हातीं देऊं नये, आणि उपाशीपोटीं कोणासही त्या कामावर लावूं नये. ही दया नव्हे. ज्याच्या श्रमावर पीक उभें राहतें त्याच्या जिवाची ही जोखीम आहे व ती मालकाकडेच येते.

राहिली देखरेख. ठेवलेलें सामान न पाहतां पडून राहिलें म्हणजे बॅटरी गंजते, पुड्यांची मुदत संपते, दोराला उंदीर लागतात. यासाठीं निराळें पंचांग नको. होळीला उन्हाळ्याचें व आगीचें सामान पाहावें. मृग लागण्यापूर्वीं वीज, साप व पूर यांचें पाहावें. आणि पोळ्याला, बैलांच्या वेसणी व दोर नवे करतांना, फवारणीची झोळी पाहावी, कारण कपाशीवरील फवारणीचा जोर तेव्हांच असतो. बैलाची वेसण वर्षांतून एकदां बदलण्याचें आपण कधीं विसरत नाहीं. त्याच दिवशीं घरच्या व गड्यांच्या कमरेला काय आहे, हेंही हात लावून पाहावें.